बुडालेली सुट्टी, तरंगती सुट्टी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबा नवं कालनिर्णय जेवणाच्या टेबलावर पसरायचे आणि लाल पेन घेऊन बसायचे. ते साताऱ्याला बँकेत होते. सरकारी सुट्ट्यांचं परिपत्रक त्यांच्या हाती आधीच आलेलं असायचं आणि त्यातले चार शब्द ते दरवर्षी मोठ्यांदा वाचून दाखवायचे, ‘परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१’. आम्हा भावंडांना वाटायचं, हा काहीतरी मंत्र असणार. तो म्हटल्याशिवाय सुट्टी लागू होत नाही. (एका अर्थी ते खरंच होतं. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक सुट्ट्या आजही इंग्रजांच्या काळातल्या, चेक-हुंड्यांच्या त्या कायद्याखालीच जाहीर होतात.) मग एकेक तारीख ताडून पाहत ते पुढे सरकायचे. मध्येच पेन थांबायचं आणि ‘च्च’ असा आवाज यायचा.

“दसरा बुडाला.”

बुडाला म्हणजे रविवारी आला. घरात दोन मिनिटं सुतक.

२००४ साली मी ओहायोतल्या कोलंबस शहरात नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या बाईंनी सुट्ट्यांचा कागद हातात ठेवला. अर्धं पानसुद्धा भरलं नव्हतं. नवं वर्ष, मेमोरियल डे, ४ जुलै, लेबर डे, थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातला आभाराचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार आणि नाताळ. सात. खाली आठवी ओळ होती, ‘फ्लोटिंग हॉलिडे, १’. हे काय असतं विचारलं, तर बाई म्हणाल्या, “ही तरंगती आहे. हवी तेव्हा घे, फक्त जानेवारीत तारीख कळव.”

रात्री फोनवर बाबांना सांगितलं. “वा! आमच्याकडे बुडते, तुमच्याकडे तरंगते,” असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले. मग बँकेतला माणूस जागा झाला.

“आणि रविवारी आली तर?”

“तर सोमवारी देतात.”

“शनिवारी आली तर?”

“शुक्रवारी.”

फोनच्या त्या टोकाला शांतता. चौतीस वर्षांत किती सुट्ट्या बुडाल्या याचा हिशेब चालू असावा.

त्यांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण तेव्हा मलाच ती माहीत नव्हती. या देशात ज्याला राष्ट्रीय सुट्टी म्हणतात ती फक्त केंद्र सरकारच्या नोकरांना लागू असते. तेव्हा त्या यादीत दहा दिवस होते, आता अकरा आहेत. पण खासगी मालकाने त्यांपैकी एकही दिवस द्यावा, आणि दिलाच तर भरपगारी द्यावा, असा देशभर लागू होणारा कायदाच नाही. आमच्या कंपनीने दहातले सहा दिवस घेतले होते आणि पदरचा एक शुक्रवार घातला होता. इथे सुट्टीच्या दिवशी कोण कुठे उभं आहे ते पाहत फिरलं, तर कुणाच्या पाठीशी कोण आहे ते लगेच समजतं. लेबर डे म्हणजे कामगार दिन. त्या दिवशी बँकेतला साहेब घरी आणि पेट्रोल पंपावरची पोरगी गल्ल्यावर. माझी मुलगी शाळेत असताना किराणा दुकानात काम करायची. थँक्सगिव्हिंगच्या पहाटे साडेपाचला मी तिला सोडायला जायचे तेव्हा तिथे आधीच रांग असायची. कुणाची साय संपलेली, कुणी भोपळ्याचा डबा विसरलेलं.

बाकी सुट्ट्यांपेक्षाही मला नवल वाटलं ते सोमवारचं. १९६८ साली अमेरिकी संसदेने कायदा केला आणि १९७१ पासून काही सुट्ट्या त्यांच्या तारखांवरून उचलून सोमवारी नेऊन ठेवल्या. लोकांना सलग तीन दिवस मिळावेत, त्यांनी गाड्या काढाव्यात, हिंडावं, खर्च करावा, असा सरळ व्यवहारी हेतू. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस २२ फेब्रुवारी. त्यांची सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी. आता बोटं मोजून पाहा: तिसरा सोमवार १५ ते २१ याच तारखांना येऊ शकतो. म्हणजे राष्ट्रपित्याची जयंती कायद्यानेच अशा दिवशी ठेवली आहे की ती त्याच्या जन्मतारखेला कधीही येणार नाही! सरकारी कागदावर त्या सुट्टीचं नाव अजूनही ‘वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस’ असंच आहे; लोक प्रेसिडेंट्स डे म्हणतात आणि गाद्या विकत घेतात. गाद्याच का, हे मला वीस वर्षांत उमगलेलं नाही, पण फेब्रुवारी, मे आणि सप्टेंबर या तिन्ही लांबलेल्या शनिवार-रविवारांना गाद्यांचे सेल असतात हे मी डोळे मिटून सांगू शकते.

मी हे हसत हसत आईला सांगितलं आणि तिथेच सापडले. कारण त्याच वर्षी आमच्या मंडळाचा गणपती शनिवारी बसला होता. चतुर्थी होऊन आठवडा लोटला होता, पण शाळेचा हॉल त्याच दिवशी मोकळा होता. सकाळी अकराला प्रतिष्ठापना, साडेबाराला आरती, मग जेवण, मग मुलांचे नाच, मग एक नाटुकलं, पावणेपाचला निळ्या प्लास्टिकच्या टबात विसर्जन, आणि पाचला हॉल झाडून किल्ली परत. दीड दिवसाचा माहीत होता, हा सहा तासांचा. “शनिवारी कसले गणपती? तिथी नको का?” आईने विचारलं. मी गप्प. पुढे कधीतरी उत्तर सुचलं, की बाई गं, याची सुरुवात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनने केली, आम्ही फक्त कायदा पाळतोय. पण तोवर आईने विषय बदलला होता.

एकदा सगळं जुळून आलं. २०१९ साली गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला आली, आणि २ सप्टेंबर हा सोमवार, लेबर डे. तिथी, वार, सुट्टी सगळं एका रेषेत. मंडळाच्या बैठकीत टाळ्या पडल्या. मग सेक्रेटरींनी शाळेला फोन केला. शाळेने कळवलं की लेबर डेला हॉल बंद असतो, सुट्टी असते. गणपती पुढच्या शनिवारी बसले.

लेबर डेबद्दल माझ्या मनात तशीही अढी आहे. साताऱ्यात १ मे म्हणजे सकाळी पोलीस परेड ग्राउंडवर झेंडा, शाळेत निकाल, आणि बाबांच्या बँकेत युनियनची सभा. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन दोन्ही एकाच सुट्टीत बसवले म्हणून बाबा थोडे नाराज असायचे, एक वाया गेली असं त्यांचं म्हणणं. तो कामगार दिन मुळात अमेरिकेचा. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी इथले कामगार संपावर गेले. शिकागोत ४ मेला हेमार्केट चौकातल्या सभेत बॉम्ब पडला, गोळीबार झाला, आणि पुढे चार जणांना फाशी दिलं. जगाने त्यांची आठवण म्हणून १ मे घेतला. अमेरिकेने घेतला सप्टेंबरचा पहिला सोमवार. न्यूयॉर्कच्या कामगारांनी १८८२ सालच्या सप्टेंबरात मिरवणूक काढली होती, तिचा आधार होताच. १८९४ मध्ये रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कारखान्याचा संप पेटलेला असताना राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी या सुट्टीवर सही केली आणि काही दिवसांत त्याच संपावर लष्कर पाठवलं. शिकागोला गेलो होतो तेव्हा मी हट्टाने तो हेमार्केटचा चौक बघायला गेले. डेस्प्लेन्स स्ट्रीटवर एका गाड्यावर उभ्या राहून बोलणाऱ्या माणसांचं लालसर शिल्प आहे, २००४ साली बसवलेलं. शेजारी वाहनतळ. मी फोटो काढत होते तर एकाने थांबून विचारलं, “हे कशाचं आहे?” साताऱ्याच्या बाईने शिकागोच्या माणसाला सांगितलं.

४ जुलैचं तसं नाही; ती तारीख कुणी हलवू शकलेलं नाही. गंमत म्हणजे ती तारीखही जरा सैलच आहे. स्वातंत्र्याचा ठराव झाला २ जुलै १७७६ ला. दुसऱ्या दिवशी ठराव करणाऱ्यांपैकी एक, जॉन अ‍ॅडम्स यांनी बायकोला पत्र लिहिलं की, २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मिरवणुका काढून आणि रोषणाई करून साजरा करतील. जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला ४ ला, कागदावर छापली गेली ती तारीख, आणि लोकांनी तीच धरली. अ‍ॅडम्स बिचारे दोन दिवसांनी चुकले. पण ते आणि जाहीरनामा लिहिणारे जेफरसन दोघेही गेले तेही नेमके १८२६ च्या ४ जुलैला, देशाच्या पन्नासाव्या वाढदिवशी.

आमच्या कोलंबसने अ‍ॅडम्स आणि छापखाना यांच्यात तडजोड केली आहे. इथलं मोठं दारूकाम बहुतेक वर्षी ३ जुलैच्या रात्री असतं, सायोटो नदीच्या काठी, शहराच्या मध्यावर. लोक दुपारपासून खुर्च्या मांडून जागा धरतात. पहिल्या वर्षी आम्ही कौतुकाने गेलो, पुढच्या वर्षांत तीन तास पार्किंगमधून बाहेर पडता येत नाही हे कळून चुकलं आणि घराच्या अंगणातून जेवढं दिसेल तेवढं पाहू लागलो. ४ ला गल्लीत जाळीवर मांस भाजल्याचा धूर, मक्याची कणसं, बर्फाच्या पेटीत बिअर. आपल्याकडे १५ ऑगस्टला ड्राय डे. इथे माझ्या शेजाऱ्याला मी ते सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की जणू आम्हाला अजून स्वातंत्र्य मिळायचंच आहे.

दारूकामावरून आठवलं. ओहायोत कितीतरी वर्षं असा कायदा होता की फटाके विकत घ्या, पण अठ्ठेचाळीस तासांत राज्याबाहेर नेतो असं लिहून द्या. ४ जुलैच्या रात्री अख्खं गाव धडाडत असायचं आणि कागदोपत्री ते सगळे फटाके शेजारच्या राज्यात वाजत असायचे. शेवटी २०२१ मध्ये कायदा बदलला आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक दिवशी फटाके उडवायला परवानगी मिळाली. गावांना आपापली बंदी ठेवायची मुभा आहे आणि पुष्कळांनी ठेवली आहे, ते सोडा. दिवसांची ती यादी मी वाचली: ४ जुलै, लेबर डे, मेमोरियल डे, चिनी नवं वर्ष, आणि मध्ये सरळ एक शब्द, दिवाळी. राज्याच्या कायद्याच्या मजकुरात. मी तो परिच्छेद मोबाईलवर दोनदा वाचला. बाबा असते तर कलम आणि पोटकलम पाठ केलं असतं. गमतीची गोष्ट अशी की दिवाळीत इथे थंडीने बोटं गारठतात, फुलबाजी पेटवायला चार काड्या लागतात, आणि पोरांना दुसऱ्या दिवशी शाळा असते.

कोलंबस नावाच्या शहरात राहून कोलंबस डेबद्दल काही न लिहिणं बरं दिसणार नाही, पण थोडक्यातच. ती सुट्टी मुळात दर्यावर्दी माणसासाठी कमी आणि इटालियन लोकांच्या अब्रूसाठी जास्त होती. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने अकरा इटालियन माणसांना ठार मारलं होतं. पुढच्या वर्षी कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाली तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी देशभर तो दिवस साजरा करायला सांगितलं. ज्यांना खालचं समजत होते त्यांना, ‘अरे, हा देश सापडला तोच आमच्या माणसाला’ असं म्हणायला जागा झाली. ज्यांना तो देश आधीपासून सापडलेलाच होता, त्यांनी काय म्हणायचं, हा प्रश्न कुणाला पडला नाही तो पुढची शंभर वर्षं. आता बऱ्याच ठिकाणी त्याच सोमवारी मूलनिवासींचा दिवस पाळतात. आमच्या शहराने २०१८ मध्ये ती सुट्टीच बंद केली. कारण काय दिलं? पैसे नाहीत. माजी सैनिकांच्या दिवसाला सुट्टी द्यायची तर दोन परवडत नाहीत. २०२० च्या १ जुलैला सिटी हॉलसमोरचा कोलंबसचा पुतळाही उतरवला; तो १९५५ साली इटलीतल्या जिनोवा शहराने भेट दिलेला होता. शहराचं नाव तेवढं राहिलं.

जानेवारीतल्या सोमवारी येणारा किंग डे, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीचा दिवस, आमच्या कंपनीच्या यादीत नव्हता. त्याचा कायदा १९८३ चा, पहिली सुट्टी १९८६ ची, आणि पन्नासच्या पन्नास राज्यांनी तो मानायला २००० साल उजाडलं. अलाबामा आणि मिसिसिपीत त्याच सोमवारी आजही रॉबर्ट ली यांची जयंती असते, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूच्या सेनापतीची. एका दिवसात दोन बसवायची कला फक्त महाराष्ट्रालाच येते असं नाही! मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये मुंबईला आले होते, मणिभवनात राहिले होते. गांधी राहायचे त्याच घरात. मी मुंबईत चार वर्षं नोकरी केली, मणिभवन पाहिलं ते अमेरिकेतून सुट्टीवर गेल्यावर.

आणि अकरावी सुट्टी, जूनटीन्थ. लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला १ जानेवारी १८६३ ला. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला जनरल ग्रेंजरने तो हुकूम ऐकवला १९ जून १८६५ ला. अडीच वर्षं उशीर. टेक्सासचे काळे लोक तेव्हापासून तो दिवस पाळत आले, देशाने २०२१ मध्ये मानला. ती सुट्टी सोमवारी ढकलली नाही, हे मला बरं वाटलं. आधीच एवढा उशीर झालेला.

तारखा हलवायचा मोह मोठमोठ्यांना आवरलेला नाही. थँक्सगिव्हिंग पूर्वी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असे. १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, लिंकनने तो जाहीर केला. त्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहून मागे लागलेल्या बाई होत्या सारा जोसेफा हेल. मेरी आणि तिच्या कोकराचं जे इंग्रजी बालगीत आपण सगळ्यांनी घोकलं, ते यांचंच. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटचा गुरुवार ३० ला, म्हणजे नाताळच्या खरेदीला दिवस कमी. दुकानदारांनी ओरड केली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही. एका देशात दोन थँक्सगिव्हिंग! कुणाच्या कॉलेजला एका गुरुवारी सुट्टी, घरच्यांना दुसऱ्या. आमच्याकडे दोन पंथांच्या दोन नियमांमुळे दोन दोन एकादश्या येतात तेव्हा ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ असं लिहून मोकळे होतात. रूझवेल्टला तेवढं सुचलं नाही. अखेर १९४१ मध्ये कायद्याने चौथा गुरुवार पक्का केला.

बाबा २०१२ च्या डिसेंबरात गेले. कार्तिक वद्य षष्ठी. श्राद्ध भाऊ साताऱ्याला करतो. मी इथे फक्त त्या दिवशी घरी राहते, त्यांना आवडायचं ते रांधते, अळूची भाजी (मिळाली तर, नाही तर पालकाला अळू समजायचं), भात-वरण, वडे, खीर, आणि पान वाढते. त्यासाठी दरवर्षी माझी ती एक तरंगती सुट्टी जाते. जानेवारीत कालनिर्णय पाहून तारीख कळवायची. वर्ष बदललं की तारीख बदलते. ऑफिसातल्या बाईंना वाटतं, मी दर हिवाळ्यात कुठेतरी फिरायला जाते.

२०२१ मध्ये ती लागली नाही. षष्ठी आली २५ नोव्हेंबरला आणि तोच चौथा गुरुवार. आईने फोनवर हिशेब करून सांगितलं, “तुमच्याकडे संध्याकाळी सहापर्यंत आहे षष्ठी. बाराला पान वाढ.” प्रश्न एवढाच होता की दुपारी दोनला आम्हाला शेजारच्या आजोबांकडे जेवायला बोलावलेलं होतं, आणि त्यांच्याकडे मंगळवारपासून टर्की फ्रीजमध्ये वितळत होती. ‘आजोबा’ हे आपलं माझ्या मनातलं. ते नेहमी म्हणतात, मला नावाने हाक मार. ऐंशीच्या घरातल्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून मी त्यांना हाकच मारत नाही, समोर जाऊन उभी राहते.

श्राद्धाच्या दिवशी तिकडे जावं की नाही? आईला विचारलं. ती म्हणाली, “वयस्कर आहेत ना? मग खीर घेऊन जा. कुणीतरी जेवायला हवंच असतं.”

त्यांच्याकडे तेरा माणसं होती. टीव्हीवर डेट्रॉइटचा फुटबॉलचा सामना. तो संघ १९३४ पासून या दिवशी खेळतो आणि, आजोबांच्या मते, हरतो. टेबलाच्या मध्ये ती सोनेरी टर्की. तिच्या पोटात शिजवलेलं सारण आम्हाला चालणार नाही म्हणून सूनबाईंनी वेगळ्या भांड्यात केलं होतं. क्रॅनबेरीचा लाल मुरांबा, कुस्करलेले बटाटे, रताळी, आणि फरसबीचा तो एक पदार्थ जो मशरूमच्या डबाबंद सूपमध्ये बुडवून वर तळलेला कांदा घालून भाजतात. मला तो परंपरागत वाटायचा. पाककृती १९५५ मध्ये एका सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात तयार झाली आहे. १६२१ मध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांच्या प्लिमथला जी मूळ मेजवानी झाली असं सांगतात तिथे असला काही प्रकार नव्हता. तिथे वाम्पानोआग या मूलनिवासी लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसं घेऊन आला होता आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली होती. पाहुणे रिकाम्या हाताने आले नव्हते. पन्नास-पंचावन्न वर्षांत त्याच मॅसासॉइटचा मुलगा इंग्रजांशी लढताना मारला गेला. प्लिमथच्या टेकडीवर १९७० पासून या दिवशी मूलनिवासी लोक जमतात, त्यांच्या लेखी तो दुखवट्याचा दिवस आहे. टेबलावर यातलं कुणी काही बोललं नाही, मीही नाही. बटाटे फार छान झाले होते.

जेवणाआधी एकेकाने सांगायचं, कशासाठी आभारी आहे. आपल्याला हे जड जातं. घरात कोण कुणाचे आभार मानतं? बाबांना मी आयुष्यात एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी ‘बरं नाही का वाटत?’ असं विचारलं असतं. माझी पाळी आली. डोक्यात परक्राम्य संलेख अधिनियम घोळत होता, त्याला इंग्रजीत तरी काय म्हणणार. मी म्हणाले, “फ्लोटिंग हॉलिडेसाठी.” सगळे हसले. नोकरदार माणसांचा विनोद समजले.

खीर खाताना आजोबांनी विचारलं, ही कशाची. मी सांगितलं, वडिलांचा दिवस आहे.

“दरवर्षी थँक्सगिव्हिंगला?”

“नाही. गेल्या वर्षी डिसेंबरात होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “कोण हलवतं?”

“चंद्र.”

“हं,” ते म्हणाले. “संसदेपेक्षा बरा.”

त्यांच्या या बोलण्याला मागचा इतिहास आहे. त्यांचा धाकटा भाऊ व्हिएतनाममध्ये गेला. त्याची कबर इथून तासाभरावर, त्यांच्या मूळ गावी. मेमोरियल डे हा शब्द आजोबा वापरत नाहीत, ते डेकोरेशन डे म्हणतात, त्यांची आजी म्हणायची तसं. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये जनरल लोगनने हुकूम काढला की ३० मेला सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहावीत. आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत त्या पहिल्या दिवशी भाषण केलं ते ओहायोच्याच जेम्स गारफील्ड यांनी, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. शंभर वर्षं तो दिवस ३० मेला होता. १९७१ मध्ये सोमवारच्या कायद्याने तो मेच्या शेवटच्या सोमवारी गेला आणि बघता बघता उन्हाळ्याचं उद्घाटन झाला: पोहण्याचे तलाव उघडतात, अंगणातल्या जाळ्या पेटतात, गाद्या स्वस्त होतात. माजी सैनिकांचा ११ नोव्हेंबर असाच ऑक्टोबरातल्या सोमवारी नेला होता, पण लोकांनी ते चालू दिलं नाही; सात वर्षांनी, १९७८ मध्ये, तो मुकाट आपल्या तारखेला परत आला. ३० मे परत आला नाही. हवाईचे सिनेटर डॅनियल इनोये, दुसऱ्या महायुद्धात एक हात गमावलेला माणूस, मरेपर्यंत दर अधिवेशनात त्यासाठी विधेयक मांडत राहिले.

आजोबांनी विधेयक वगैरे मांडलं नाही. ते ३० मेला जातात, वार कुठलाही असो. त्यांच्या आईने लावलेली पिओनीची झुडपं त्यांनी जुन्या घरून इकडे आणून लावली आहेत, फुलकोबीएवढी गुलाबी-पांढरी फुलं, मुंग्यांनी भरलेली. ती फुलतात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. ऊन लवकर तापलं तर ३० पर्यंत पाकळ्या गळून जातात. मग ते काय करतात, तर कळ्या जराशा मऊ झाल्या की उमलायच्या आधीच कापतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि फ्रीजमध्ये ठेवतात. थंडीत कळी आठवडा-दोन आठवडे झोपून राहते. २९ ला संध्याकाळी काढून पाण्यात ठेवली की सकाळी उमलते. त्यांच्या फ्रीजमध्ये जागा कमी पडते तेव्हा दोन पुडकी आमच्याकडे येतात आणि श्रीखंडाच्या डब्याशेजारी पडून राहतात. सोमवारला तारीख न देणारा माणूस फुलांना मात्र बिनदिक्कत थांबवून धरतो, हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. “फुलांचं काय, ती ऐकतात,” ते म्हणाले.

२०१८ पासून त्यांना गाडी चालवणं जमेना, तेव्हापासून मी नेते. एरवी कामाचा दिवस असतो, अर्धी रजा टाकते. दफनभूमीत चिटपाखरू नसतं. आदल्या सोमवारी लावलेले छोटे झेंडे अजून ओळीने उभे असतात, काही आडवे झालेले. ते सरळ करत आम्ही भावाच्या दगडापाशी जातो. बादलीतली फुलं ते स्वतः लावतात. मी पाणी घालते. त्यातलं एक फूल ते मला परत देतात, घरी न्यायला, का ते कधी सांगितलेलं नाही.

२०२२ मध्ये ३० मे हाच शेवटचा सोमवार होता. माझी रजा वाचली म्हणून मी खूश. गेलो तर गेटपासून गाड्यांची रांग. बँड, स्काउटची पोरं, कुणी उमेदवार हात हलवतोय, घड्या घालायच्या खुर्च्या, मायक्रोफोनची शिट्टी. आजोबा बादली मांडीवर घेऊन गाडीतच बसून राहिले. दुपारी बाराला अर्ध्यावरचा झेंडा पूर्ण वर गेला, भाषणं आटोपली, लोक आपापल्या जाळ्यांकडे परतले, तेव्हा कुठे उतरले. परतताना बराच वेळ काही बोलले नाहीत. घराजवळच्या सिग्नलला म्हणाले, “पुढच्या वर्षी मंगळवार आहे. मी पाहून ठेवलंय.”

जानेवारीत भावाने पाठवलेलं कालनिर्णय आलं. मी सवयीने कार्तिक वद्य षष्ठी शोधली. साताऱ्यात ३ डिसेंबर. तासांचा फरक धरला तर इथे २. तिकडे रविवार, इकडे शनिवार. तोंडातून ‘च्च’ निघालं. मग ऑफिसचा फॉर्म उघडला आणि तरंगत्या सुट्टीपुढे लिहिलं, ३० मे, मंगळवार.